मांजराचें केमोकाइन

प्रयोगशाळांस लागणारीं द्रव्यें विकणार्‍या कारखान्यांच्या याद्या चाळूं लागलें म्हणजे त्यांत एक चमत्कारिक नांव आढळतें : ‘मांजराचें रिकॉम्बिनंट केमोकाइन, केवळ संशोधनासाठीं.’ किंमत पाहावी तर डोळे विस्फारतील, आणि माल पाहावा तर लहानशा कुपीच्या तळाशीं चिकटलेली, जेमतेम दिसणारी पांढरी भुकटी ! तिचें वजन मायक्रोग्रॅमांत करितात. आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमाचा दहा लक्षावा भाग. हें द्रव्य आहे तरी काय ? तें मांजराचेंच कां ? आणि तें कसें तयार करितात व त्याचा उपयोग काय ? हे तीन प्रश्न कोणाहि जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत उभे राहतील. त्यांचीं उत्तरें क्रमानें देण्याचा आमचा या लेखांत विचार आहे. विषय नवा व परका वाटला तरी तो तसा नाहीं. या विद्येचें एक मूळ मुंबईच्या जुन्या प्लेगच्या इतिहासाशीं गुंतलेलें आहे. आणि त्या प्लेगच्या भयानें ज्यांच्या पूर्वजांनीं मुंबई सोडून कोकणांतील घर गांठलें, अशीं कुटुंबें आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत थोडीं नाहींत.

काटा व सूज :— करवंदीच्या जाळींत हात घालणार्‍या मुलास काट्याची ओळख करून द्यावयास नको. काटा बोटांत मोडला व तसाच राहिला, तर दुसर्‍या दिवशीं बोट लाल होतें, तापतें, सुजतें व ठणकूं लागतें. हीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद करून ठेविलीं आहेत. पुढें त्या ठिकाणीं पू होतो. पू म्हणजे घाण, अशी सामान्य समजूत आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां त्यांत रक्तांतील पांढर्‍या पेशींचीं असंख्य प्रेतें दिसतात. जंतूंशीं लढतां लढतां त्या तेथें पडलेल्या असतात. तेव्हां पू हा केवळ मळ नसून एका लढाईचें रणांगण आहे, असें म्हणावें लागतें.

या लढाईचा शोध एली मेच्निकॉफ नांवाच्या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें लाविला. १८८२ सालीं तो सिसिली बेटांतील मेसिना येथें राहत होता. तारामाशाचीं पिलें कांचेसारखीं पारदर्शक असतात. त्यांच्या अंगांत त्यानें गुलाबाचे बारीक कांटे खुपसले, व दुसर्‍या दिवशीं सकाळीं पाहिलें तों त्या कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला ! शरीरांतील कांहीं पेशी आगंतुकाकडे चालत जातात व त्यास गिळूं पाहतात, हें तत्त्व त्यानें या व इतर प्रयोगांवरून प्रतिपादिलें. १९०८ सालीं पॉल एर्लिक याच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु एक प्रश्न उरलाच. काटा बोटाच्या टोकाशीं, आणि पांढरी पेशी रक्ताच्या प्रवाहांत वाहत चाललेली. तिला डोळे नाहींत, कान नाहींत. अमुक ठिकाणीं संकट आहे, असें तिला कोण सांगतें ? १८८८ सालीं थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्यानें असें दाखविलें, कीं पांढर्‍या पेशी विशिष्ट द्रव्याच्या रोखानें सरकतात. हांक मारली जाते हें कळलें. परंतु ती हांक कोणत्या रेणूची, हें निश्चित कळावयास पुढें सुमारें शंभर वर्षें लागलीं. १९८७ सालीं माणसाच्या पांढर्‍या पेशींतून एक लहानसें प्रथिन वेगळें करण्यांत आलें. त्यास प्रथम इंटरल्यूकिन-८ म्हणत. आतां त्याला सीएक्ससीएल-८ असें शास्त्रीय नांव आहे. अशा प्रकारचीं पुष्कळ प्रथिनें सांपडल्यावर १९९२ सालीं त्या सर्वांस मिळून ‘केमोकाइन’ हें नांव देण्यांत आलें. रसायन व गति या दोन अर्थांचे शब्द जोडून तें बनविलेलें आहे. म्हणजे ‘रसायनाच्या योगें चालविणारें’.

केमोकाइन म्हणजे काय ?— प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओंवून केलेली माळ. केमोकाइनाची माळ फार आंखूड असते. बहुधा सत्तर ते शंभर मणी. त्यांत सिस्टीन नांवाचे चार मणी ठराविक जागीं असतात, व ते दोन दोन मिळून एकमेकांस गांठ मारतात. या दोन गांठींमुळें माळेस निश्चित आकार येतो. पहिले दोन सिस्टीन शेजारीं शेजारीं आहेत, कीं त्यांच्यामध्यें एखादा दुसरा मणी आहे, यावरून केमोकाइनांचीं कुळें पाडिलीं आहेत. माणसाच्या शरीरांत अशीं सुमारें पन्नास केमोकाइनें आहेत. पांढर्‍या पेशींच्या पृष्ठभागावर त्यांस ओळखणारे रेणु असतात. त्यांस रिसेप्टर म्हणतात. कुलुपास किल्ली लागावी त्याप्रमाणें केमोकाइन रिसेप्टरास लागलें, कीं पेशींत खळबळ उडते व ती चालूं लागते.

ती नेमक्या दिशेनें कशी चालते ? मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्या उतरूं लागल्या म्हणजे मांजरें कशीं जमतात, तें सर्वांनीं पाहिलेलें आहे. वास ज्या बाजूस दाट, त्या बाजूस मांजर वळतें. तो विरळ झाला कीं थांबतें व पुन्हां शोधतें. पांढर्‍या पेशीचें वर्तन साधारण असेंच असतें. तिच्या पुढच्या अंगास केमोकाइन किती व मागच्या अंगास किती, यांतील अगदीं थोडा फरकहि तिला जाणवतो, आणि जिकडे तें अधिक तिकडे ती सरकते. फरक इतकाच, कीं मांजर नाकानें हुंगतें, आणि पेशी सर्वांगानें.

येथें एक शंका येईल. वाहत्या रक्तांत हें केमोकाइन वाहून कां जात नाहीं ? त्याचें उत्तर असें, कीं रक्तवाहिनीच्या आंतल्या भिंतीवर साखरेच्या जातीच्या लांब रेणूंचें लव असतें, व केमोकाइन त्याला चिकटून बसतें. रक्ताबरोबर गडगडत आलेली पांढरी पेशी त्या जागीं अडखळते, भिंतीस घट्ट धरते, व शेवटीं दोन पेशींच्या फटींतून अंग चोरून बाहेर पडते. कांट्याच्या ठिकाणीं ती पोंचते ती अशी.

हांक प्रमाणांत हवी. ती अधिक झाली तर रक्षकच घर मोडूं लागतात : २०२० सालच्या करोनाच्या साथींत गंभीर आजारी माणसांच्या रक्तांत कांहीं केमोकाइनांचें प्रमाण फार वाढलेलें आढळलें. ती कमी पडली तर चोरास रान मोकळें होतें. आणि याचें भयंकर उदाहरण म्हणजे प्लेग.

प्लेग व मांजर :— १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकीन मुंबईस आले. हे हाफकीन ओडेसा येथें मेच्निकॉफचे विद्यार्थी होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या गुरूनें कांट्याभोंवतीं जमणार्‍या पेशी पाहिल्या, त्याच्या शिष्यानें भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्मेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पासून ती हाफकीन यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली.

प्लेगचा जंतु इतका घातक कां, याचा उलगडा अलीकडे पुष्कळ झाला आहे. जंतूंच्या बाह्य आवरणांतील एक द्रव्य ओळखून आपलें शरीर धोक्याची सूचना देतें, व केमोकाइनें सोडतें. पिसवेच्या थंड शरीरांतून माणसाच्या उष्ण शरीरांत येतांच प्लेगचा जंतु हें द्रव्य असें बदलतो, कीं शरीरास तें नीट ओळखतां येत नाहीं. शिवाय जवळ आलेल्या पांढर्‍या पेशींत तो सुईसारख्या नळीनें स्वतःचीं प्रथिनें टोंचून त्यांस दुबळें करितो. अशा रीतीनें आरंभीं हांक दबून जाते. आणि ती उठेपर्यंत जंतूंची संख्या अनावर झालेली असते.

आतां मांजराकडे वळूं. प्लेगच्या त्याच काळांत वर्‍हाडांत अमरावती येथें अँड्र्यू ब्युकॅनन नांवाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या गांवीं मांजरें पुष्कळ, त्या गांवीं उंदीर कमी व म्हणून प्लेगहि कमी, असें त्यांनीं गांवोगांव मांजरें मोजवून दाखविण्याचा यत्न केला, व १९०८ सालीं तें विलायतेंतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. घरांत मांजर पाळणें हा प्लेगवरील उपाय आहे, असें त्यांचें मत होतें. या मतांत तथ्य होतें. परंतु तें अपुरें होतें. रोगी उंदीर खाऊन मांजरासहि प्लेग होतो, माणसाप्रमाणेंच गांठ येते, व कधीं फुप्फुसेंहि बिघडतात. अमेरिकेच्या पश्चिम भागांत १९७७ ते १९९८ या काळांत मांजरांपासून प्लेग झालेल्या २३ माणसांची नोंद आहे. त्यांपैकीं ५ दगावलीं. अर्थात् मांजर हा आमचा केवळ पहारेकरी नव्हे. संकटांत आमच्याबरोबर सांपडणारा आमचा सोबतीहि आहे. त्याच्या शरीरांतील हांक कशी उठते व कोठें दबते, हें जाणणें आमच्याहि हिताचें आहे.

मांजराचेंच केमोकाइन कां ?— आणखी तीन कारणें सांगतों.

पहिलें कारण असें. प्रयोगशाळेंत सर्वांत अधिक वापरला जाणारा प्राणी म्हणजे उंदीर. परंतु वर सांगितलेलें सीएक्ससीएल-८ हें केमोकाइन तयार करणारें जनुकच घरगुती उंदरांत व घुशीसारख्या मोठ्या उंदरांत नाहीं ! त्यांचें काम दुसरीं भाऊबंद केमोकाइनें करितात. मांजराच्या शरीरांत मात्र तें माणसाप्रमाणेंच आहे. तेव्हां या एका बाबतींत मांजर आम्हांस उंदराहून जवळचें ठरतें.

दुसरें कारण असें. १९८६ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील पेटालुमा येथें एका घरीं पाळलेल्या बर्‍याच मांजरांत एक विचित्र रोग दिसला. त्यांचें बळ हळूहळू खचत होतें, आणि क्षुल्लक जंतुहि त्यांस जेरीस आणीत होते. शोधाअंतीं माणसाच्या एड्स रोगाच्या विषाणूसारखाच एक विषाणु सांपडला. त्याचें लघुनाम एफ. आय. व्ही. भारतांत माणसांतील एच. आय. व्ही. प्रथम आढळला तोहि त्याच, १९८६ सालीं. आणि १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें या रोगाच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९९६ सालीं असें कळलें, कीं माणसाचा विषाणु पेशींत शिरतांना केमोकाइनांच्या रिसेप्टरांचाच दरवाजासारखा उपयोग करितो. लागलीच पुढील वर्षीं मांजराच्या विषाणूचीहि तीच चाल उघडकीस आली. त्या दरवाजाचें योग्य केमोकाइन आधींच तेथें बसविलें, तर विषाणूस वाट मिळत नाहीं, असेंहि कांचेच्या भांड्यांतील पेशींवर दिसून आलें. याच विचाराच्या ओघांत माणसांसाठीं मॅराव्हिरॉक नांवाचें औषध तयार झालें, व २००७ सालीं तें वापरण्यास परवानगी मिळाली. तें केमोकाइन नव्हे; परंतु केमोकाइनाचा दरवाजा अडविणारें आहे. येथें हेंहि स्पष्ट सांगणें अवश्य आहे, कीं मांजराचा हा विषाणु माणसास बाधत नाहीं. त्या भयानें एखाद्या आजारी मुक्या प्राण्यास घराबाहेर काढणें हें अज्ञानाचें व निर्दयतेचें कृत्य होईल.

तिसरें कारण मापाचें आहे. आजारी मांजराच्या रक्तांत अमुक केमोकाइन किती आहे, हें मोजावयाचें म्हटलें म्हणजे तुलनेसाठीं त्याच केमोकाइनाचें ठाऊक असलेलें वजन हवें. वाण्याच्या तराजूंत एका पारड्यांत शिक्क्याचें वजन नसेल, तर दुसर्‍या पारड्यांतील तांदूळ किती, हें कोण सांगणार ? माणसाचें केमोकाइन त्या ठिकाणीं घालून चालत नाहीं. दोहोंच्या माळांत बरेंच साम्य असलें, तरी कांहीं मणी निराळे असतात. आणि जीं प्रतिद्रव्यें एकास घट्ट धरितात, तीं दुसर्‍यास धरितीलच असें नाहीं. मांजराचा रोग मांजराच्याच मापानें मोजला पाहिजे.

तें तयार कसें करितात ?— रक्तांत केमोकाइन इतकें थोडें असतें, कीं चिमूटभर मिळविण्यासाठीं असंख्य मांजरांचें रक्त लागेल. हें अशक्य आहे, आणि शक्य असतें तरी निंद्य ठरलें असतें. यांतून मार्ग निघाला तो १९७३ सालीं. स्टॅन्ले कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनीं एका जीवाचें जनुक कापून तें जंतूच्या शरीरांत बसविण्याची रीत दाखविली. याच रीतीनें १९७८ सालीं माणसाचें इन्शुलिन जंतूंकडून करवून घेण्यांत आलें, व १९८२ सालीं तें मधुमेहाच्या रोग्यांसाठीं बाजारांत येऊं लागलें. त्यापूर्वीं तें डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. अशा रीतीनें दोन जीवांचीं जनुकें जोडून केलेल्या प्रथिनास ‘रिकॉम्बिनंट’ म्हणतात.

मांजराच्या केमोकाइनाची कृति थोडक्यांत अशी. मांजराच्या पेशींत त्या केमोकाइनाचा जो लेख असतो, त्याची नक्कल प्रथम उतरून घेतात. ही नक्कल डी.एन.ए. च्या एका लहानशा कड्यांत जोडतात. त्या कड्यास प्लॅस्मिड म्हणतात. प्लॅस्मिड इ. कोलाय नांवाच्या जंतूंत सोडितात. हा जंतु माणसाच्या आंतड्यांत नेहमींच वस्तीस असतो. प्रयोगशाळेंत त्याची निरुपद्रवी जात वापरतात. पोषक द्रवांत, योग्य उष्णतेवर व भरपूर हवा देऊन ठेविलें, म्हणजे हा जंतु सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका रात्रींत त्याची संख्या अब्जावधि होते. नंतर एक इशार्‍याचें द्रव्य घालतात, व जंतु मांजराचें प्रथिन बनवूं लागतात. त्यांस मांजर ठाऊक नाहीं, केमोकाइन ठाऊक नाहीं. जो लेख पुढें ठेविला तो ते वाचतात इतकेंच.

पण येथें काम संपत नाहीं. किंबहुना खरें कसबाचें काम येथून पुढेंच आहे. जंतूंच्या पोटांत हें प्रथिन पुष्कळदां गुंतलेल्या जाळ्याच्या ढिगासारखें गोळा होऊन पडतें. त्या ढिगाचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून जंतु फोडून ढीग वेगळा करितात, तीव्र द्रावणांत तो विरघळवून प्रत्येक माळ उलगडतात, आणि मग तें द्रावण हळूहळू सौम्य करीत माळेस पुन्हां घडी घालूं देतात. कोळी बांधव जाळें उलगडून, धुवून, पुन्हां नीट घडी करून ठेवितात, तसाच हा प्रकार. दोन गांठी योग्य सिस्टीनांतच बसल्या पाहिजेत; एक जरी चुकली तरी किल्ली कुलुपास लागत नाहीं. पुढें विशिष्ट कणांनीं भरलेल्या नळ्यांतून द्रव गाळून इतर प्रथिनें दूर करितात. शेवटीं तें गोठवून, हवा काढून घेऊन, त्यांतील बर्फाची वाफ करून सुकवितात. आंबापोळी उन्हांत सुकवितात. हें थंडींत सुकवावें लागतें, कारण उष्णतेनें व ओलाव्यानें प्रथिनाची नासाडी होते.

परीक्षा कशी करितात ?— भुकटी मिळाली. परंतु ती खरोखर हांक मारते कीं नाहीं? याची परीक्षा १९६२ सालीं स्टीफन बॉयडेन यानें सुचविलेल्या साध्या उपकरणानें होते. दोन कप्पे एकावर एक. मध्यें बारीक भोंकांचा पडदा. भोंक इतकें लहान, कीं पांढर्‍या पेशीस अंग चोरूनच त्यांतून जातां यावें. खालच्या कप्प्यांत केमोकाइन घालतात, वरच्यांत पेशी. कांहीं वेळानें किती पेशी खालीं उतरल्या तें मोजतात. पेशींच्या अभ्यासासाठीं पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशांतील संशोधकांस नानाविध पेशी जतन करून पुरविण्याचें कामहि तेथें होतें.

या परीक्षेंतील एक युक्ति विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. पेशी खालीं गेल्या एवढ्यावरून त्यांस हांक ऐकूं आली, असें ठरत नाहीं. कदाचित् द्रव्यामुळें त्या नुसत्याच चळवळ्या झाल्या असतील, व चहूंकडे भटकतां भटकतां कांहीं खालीं पडल्या असतील. म्हणून त्याच वेळीं दुसर्‍या भांड्यांत वर व खालीं, दोन्हीं कप्प्यांत, सारखेंच केमोकाइन घालतात. तेथें कोणतीहि बाजू अधिक दाट नाहीं. या भांड्यांत पेशी खालीं उतरणें पुष्कळच कमी झालें, तर पहिल्या भांड्यांतील चालणें दिशेचें होतें, भटकण्याचें नव्हे, असें सिद्ध होतें. स्वतःचा निष्कर्ष खोटा पाडण्याचा प्रामाणिक यत्न स्वतःच करणें, यालाच शास्त्रीय वृत्ति म्हणतात.

शुद्धतेचें महत्त्व :— आतां आम्हांस जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतों. हें केमोकाइन जंतूंच्या पोटांत बनलेलें असतें. आणि जंतूंच्या आवरणांतील द्रव्याचा लवलेश जरी त्यांत राहिला, तरी पांढर्‍या पेशी त्यासच धोका समजून खवळतात. मग संशोधक लिहितो, ‘केमोकाइनानें अमुक परिणाम झाला’. आणि वस्तुतः तो परिणाम मळाचा असतो. हा मळ डोळ्यांस दिसत नाहीं, द्रव गढूळ होत नाहीं. तो ओळखण्यासाठीं एका समुद्रप्राण्याच्या निळसर रक्तापासून केलेलें द्रव्य वापरीत आले आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनार्‍यावर घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक पुरातन प्राणी आढळतो. या मळाचा अत्यल्प अंशहि त्याच्या रक्तास गोठवितो. अलीकडे तें द्रव्यहि रिकॉम्बिनंट रीतीनें तयार करितां येऊं लागलें आहे, म्हणजे त्या प्राण्यावरचाहि भार हलका होण्याचा मार्ग निघाला आहे.

अशुद्धतेचें मोल काय पडतें, हें हाफकीन यांच्या चरित्रावरून कळतें. १९०२ सालच्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं प्लेगची लस टोंचलेल्या लोकांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. ते सर्व एकाच बाटलींतून लस मिळालेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला, व हाफकीन यांस कामावरून दूर व्हावें लागलें. बाटली गांवांत उघडतांना तींत धनुर्वाताचे जंतु शिरले असावेत, असें पुढें पुराव्यानें दिसून आलें. आणि अनेक शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू मांडल्यावर १९०७ सालीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. एका बाटलींतील अदृश्य मळानें एकोणीस घरें उजाड केलीं, व एका थोर संशोधकाचीं कित्येक वर्षें व्यर्थ दवडलीं. संशोधनाच्या कुपींत मळ असला तर कदाचित् कोणी तत्काळ मरणार नाहीं. परंतु त्यावर रचलेलें खोटें ज्ञान पुढें कोणाच्या औषधांत उतरेल, हें कोण सांगूं शकेल?

कुपीवरील शब्द :— शेवटीं त्या कुपीवर छापलेल्या मजकुराकडे पाहूं. ‘केवळ संशोधनासाठीं नाहीं तर काय ?’ असें कोणी म्हणेल. परंतु आजकाल कोणत्याहि नव्या शोधाची वार्ता कानीं पडली, कीं त्याचें औषध म्हणून नांव घेणारे लोक पुष्कळ निघतात. हें केमोकाइन औषध नव्हे. तें आजारी मांजरास टोंचावयाचें नाहीं, व माणसास तर नाहींच. तें एक माप आहे. तो एक प्रश्न विचारण्याचा प्रकार आहे. मांजराच्या एका संसर्गजन्य उदररोगांत पांढर्‍या पेशी बारीक शिरांभोंवतीं जमतात, व त्यांचें जमणें हाच रोग होऊन बसतो. तेथें कोणती हांक त्यांस बोलावते, हें अगोदर कळलें पाहिजे. मग ती थांबवावी कीं कसें, हा विचार. आणि त्याहि पुढें औषध. या पायर्‍या गाळून एकदम माथ्यावर उडी घेतां येत नाहीं.

मेच्निकॉफनें काटा खुपसला तेव्हांपासून इंटरल्यूकिन-८ हातीं येईपर्यंत १०५ वर्षें गेलीं. इतक्या काळांत किती जणांनीं किती रात्री सूक्ष्मदर्शकापुढें घालविल्या असतील, याची गणती नाहीं. आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणाच्या ध्यानांतहि नाहींत. आमच्या शाळेंतील एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी पुढें परळास किंवा पुण्यास अशा कामीं रुजू झाली, तर तिच्या हातीं पडणारी पहिली वस्तु कदाचित् हीच इवलीशी कुपी असेल. तिनें ती उघडण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : हें कोणाचें आहे, हें शुद्ध आहे काय, आणि याचें माप किती. या तीन प्रश्नांचीं खरीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्याचें काम लहान असलें तरी टिकतें. इतकें सांगून आम्ही वाचकांची रजा घेतों.